तिसरा स्वार

फोरमन निवृत्त झाले तेव्हा खोक्यांच्या कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि लेकीने आपला जुना संगणक दिला. घड्याळ महिनाभरात बंद पडलं. संगणकावर मात्र फोरमननी तेव्हापासून कितीतरी फौजा धुळीला मिळवल्या होत्या. बहुतेक स्वतःच्याच.

खेळ लढाईचा होता, पण साधासुधा नव्हता. दोनशे वर्षांपूर्वीच्या फौजा, तोफा, घोडदळ, ठासणीच्या बंदुका, सगळं जसंच्या तसं. बनवणाऱ्यांनी खरेपणाचा असा काही ध्यास घेतला होता, की खेळणाऱ्याला चुकूनही मजा येऊ नये याची त्यांनी जातीने काळजी घेतलेली दिसे. इतर खेळांत सेनापतीला आकाशातून सगळं मैदान दिसतं. इथे सेनापती घोड्यावर बसलेला, आणि त्याला घोड्यावरून दिसेल तेवढंच दिसणार, तेही तोफांचा धूर मधे आला नाही तर. हुकूम द्यायचा तर चिठ्ठी लिहायची आणि स्वाराच्या हाती पाठवायची. स्वार वाट चुकायचा, मरायचा, एकदा तर एकाने चिठ्ठी अदबीने शत्रूच्याच हातात नेऊन दिली होती. चिठ्ठी पोचेपर्यंत जिच्याबद्दल ती लिहिली ती टेकडी हातची गेलेली असे. थोडक्यात, सगळे हुकूम म्हणजे वरातीमागून घोडं, आणि इथे घोडंही खरोखरच असे.

फोरमनना हा खेळ मनापासून आवडे, कारण तो हुबेहूब कारखान्यासारखा होता. चिठ्ठी लांबलचक लिहिली तर सेनापतीचा कारकून ती लिहायला वेळ घेई, आणि तेवढ्यात शत्रू पुढे सरके. फोरमनना त्याची अडचण नव्हती. त्यांची सगळी हयात आखूड हुकूम देण्यात गेली होती. पुठ्ठा कापणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात लांब वाक्य बोलून उपयोग नसतो. यंत्राने वेगळा आवाज काढला आणि लांबून कोणी "बंद करू का?" असं ओरडून विचारलं, की फोरमन तळहात दाखवून एवढंच म्हणत, "राहू दे!" यंत्र चालू राही. उभ्या नोकरीत या दोन शब्दांनी त्यांना कधी दगा दिला नव्हता.

या खेळात एका बाजूने दोघांना खेळता येई, एक सेनापती आणि एक त्याच्या हाताखालचा सरदार. दोघे आपापल्या घरी, आपापल्या यंत्रासमोर, आणि मधे फक्त चिठ्ठ्या. फोरमनचा सरदार म्हणजे त्यांचा जावई. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा आणि माणूस लिफ्टसारखाच होता. ज्या मजल्याचं बटण दाबाल त्या मजल्यावर जाणार, वाटेत स्वतःचं डोकं चालवणार नाही. टेकडी धरा म्हटलं की धरणार, मग टेकडीवर गवत उरो न उरो. घरात फोरमनच्या शब्दाला किती मान होता हे सांगण्यात अर्थ नाही. जगात आपला शब्द झेलणारा हा एकच माणूस उरलाय असं त्यांना वाटे, आणि त्या एका कारणासाठी त्यांचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव होता.

जावयाचं एक ब्रह्मवाक्य होतं. "दोनदा बटण दाबल्यानं लिफ्ट लवकर येत नसते." लिफ्टपुरतं ते ठीक होतं. लग्नानंतर तो पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा सासूने विचारलं, "अजून वाढू?" तो म्हणाला, "नको." आता जावयाच्या 'नको'चा अर्थ काय असतो हे सासूला पक्कं ठाऊक. तिने वाढलं. त्याने ते मुकाट्याने संपवलं. तिने पुन्हा विचारलं, तो पुन्हा नको म्हणाला, तिने पुन्हा वाढलं. पुढचे दोन दिवस तो अंथरुणात होता. "भिडस्त आहे हो बिचारा," सासू म्हणाली. तो भिडस्त नव्हता. तो नको म्हणाला होता.

असा हा जावई, आणि लेक माहेरी येऊन बसली होती. तसं बसायला काही कारणच नव्हतं. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती चार दिवस म्हणून आली. डोळा बरा झाला. मग एका संध्याकाळी जावयाचा फोन आला. फोरमन समोरच बसले होते. लेक फोनवर म्हणाली, "राहू दे." मग फोन ठेवून तिने उशीचा अभ्रा दोन्ही हातांनी पिळला, अभ्रा कोरडा असूनही.

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

"विचारतोय, घ्यायला येऊ का."

"मग?"

"मी म्हटलं, राहू दे. तर म्हणाला, बरं." लेकीचा आवाज चिरकला. "बरं म्हणाला तो, आई! बरं!"

आईने कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून घरात 'बरं' हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. चार दिवसांचे आठवडे झाले, आठवड्यांचे महिने झाले. त्याचा पुन्हा फोन नाही, आणि हिने करायचा तर प्रश्नच नव्हता. उलट हिने आईबापांना आपल्या गळ्याची शपथ घातली, की या घरातून त्याला कोणी फोन करायचा नाही आणि त्याच्या दारात पाऊल टाकायचं नाही. फोरमननाही मनातून राग आला होता. एरवी एवढा हुकमाचा ताबेदार, आणि बायकोला न्यायला येत नाही म्हणजे काय?

लेक इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसभर ती लोकांना हुकूम देई, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. लोक घेत, धरत, सोडत. त्यात कोणाला कधी शंका आली नाही. आता तिला दूरच्या एका शहरातल्या इस्पितळात जागा मिळत होती आणि सोमवारी सकाळी होकार कळवायचा होता. एकदा ती तिकडे गेली की हा संसार मोडल्यात जमा, हे घरात तिघांनाही कळत होतं. बोलत कोणी नव्हतं. लेक कपाटातून कपडे काढून घड्या घालायची आणि पुन्हा कपाटात ठेवायची.

शपथेत खेळाचं नाव नव्हतं. त्यामुळे दर रविवारी दुपारी फोरमन अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून संगणकासमोर बसत आणि जावयाबरोबर लढत. कोणाबरोबर खेळता असं विचारलं की "आहे एक सरदार" म्हणत. चिठ्ठ्यांत घरचा विषय कधी निघाला नव्हता. दोघेही पुरुषच पडले, त्यांना तोफांबद्दल तेवढं बोलता येई.

तर तो सोमवार उद्यावर आला आणि रविवारची लढाई सुरू झाली.

बेत फोरमनचा होता आणि चांगला होता. मधे नदी, नदीवर एकच पूल. फोरमन मोठी फौज घेऊन पूल ओलांडून पलीकडे गेले आणि काठावरच्या उंचवट्यावर उभे राहिले. अलीकडे पूल राखायला जावई. शत्रूच्या बाजूने स्वतः संगणक खेळत होता, आणि त्याला काही उद्या निर्णय कळवायचा नव्हता. त्याने घोडदळाची एक तुकडी लांबून वळसा घालून अलीकडच्या काठावर उतरवली. थोड्या वेळाने एक स्वार धापा टाकत फोरमनकडे आला. जावयाची चिठ्ठी होती. "पुलावर दाब वाढतोय. धरून ठेवू का?"

फोरमन समोरच्या तोफांत गुंतले होते. त्यांनी सवयीने दोन शब्द लिहिले, "राहू दे," आणि स्वाराला पिटाळलं.

मग बराच वेळ धूर होता. धूर विरला तेव्हा मागून मोठा आवाज झाला. फोरमननी घोडा वळवून पाहिलं. नदी होती. पूल नव्हता.

पूल उडण्याआधी निघालेला एक स्वार तेवढ्यात पोचला. त्याच्याकडे जावयाची चिठ्ठी होती, नेहमीसारखी नेटकी. "हुकूम मिळाला. पूल धरून ठेवणं राहू दिलं. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून उडवतोय. मागे टेकडीवर जातो."

फोरमननी ती दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचताना त्यांनी जावयाच्या अकलेचा उद्धार केला, तोही मोठ्याने. राहू दे म्हणजे पूल राहू दे! असू दे! आहे तिथे आहे तसा! दूध पिणाऱ्या पोरालाही कळेल! ध चा मा कोणी केला असता तर गोष्ट वेगळी. इथे अक्षर न अक्षर जागच्या जागी होतं आणि तरी घात झाला होता.

दुसऱ्यांदा वाचताना मात्र त्यांचा आवाज बसला. धरून ठेवू का? राहू दे. घ्यायला येऊ का? राहू दे. बरं.

समोरून शत्रूचं पायदळ चालून येत होतं. फोरमन खुर्चीवरून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. लेक ओट्यापाशी उभी राहून डबे पुसत होती. पुसून झालेलेच डबे होते.

"काय गं, राहू दे म्हणजे काय?"

"कशाचं राहू दे?"

"तू त्याला फोनवर म्हणालीस ते."

लेकीने फडकं ओट्यावर आपटलं. "म्हणजे काय, बाबा? राहू दे म्हणजे ये! आता ते काय तोंडानं सांगायचं?"

"तू तोंडानंच सांगितलंस. राहू दे असं."

"एकदा म्हटलं. माणसानं पुन्हा विचारायला नको? कोणीही विचारतं. चहा घेता का म्हटलं की पाहुणा राहू दे म्हणतो, म्हणून कोणी त्याला तसाच घालवतं का?"

"त्यानं घालवला असता," फोरमन म्हणाले. "अगं, त्याला तो शब्दच येत नाही. त्याला वाटतंय तूच नको म्हणालीस."

लेकीच्या तोंडावर आशा आली, आणि लगेच हट्टाने तिला मागे ढकललं. "मी नाही सांगणार. मी सांगून तो येणार असेल तर काय अर्थ? आणि तुम्हीही फोन करायचा नाही. शपथ आहे माझ्या गळ्याची."

"फोन नाही करत," फोरमन म्हणाले.

ते परत येऊन खुर्चीत बसले. शपथेत फोन होता. दार होतं. घोड्याचा उल्लेख नव्हता.

त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. आयुष्यात त्यांनी एवढी लांब चिठ्ठी कोणाला लिहिली नव्हती. लग्नाआधी बायकोला लिहिली होती ती सुद्धा ओळीभरच होती, आणि त्यात गाडीची वेळ होती. "राहू दे म्हणजे नको नव्हे. पुलाचं राहू दे म्हणजे पूल असू दे. घरचं राहू दे म्हणजे पुन्हा विचारा. ती वाट बघते आहे. उद्या सकाळी कायमची लांब जाईल. तिला पुन्हा विचारा. आजच." खेळातला कारकून अक्षर घोटून लिहीत बसला आणि तेवढ्या वेळात फोरमनची डावी बाजू कोसळली. फोरमननी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

बायको ऑपरेशनपासून सवयीचा झालेला काळा चष्मा लावून मागे येऊन उभी राहिली. "जावईबापू काय म्हणतात?" तिने विचारलं.

फोरमन दचकले. "तुला कोणी सांगितलं?"

"दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून बसता त्या यंत्रासमोर. माझा डोळा गेला होता, डोकं नव्हतं गेलं." तिने स्टूल ओढलं. "काय झालंय?"

फोरमननी सगळं सांगितलं. सेनापतीजवळ तीनच स्वार उरले होते आणि मधे नदी होती.

पहिल्याला त्यांनी मोडक्या पुलाच्या वाटेने धाडलं, पाण्यातून पलीकडे जाईल या आशेवर. तो अर्ध्या पात्रात असताना काठावरून गोळ्या आल्या. घोडा पलीकडे पोचला. स्वार पोचला नाही.

"अरेरे," बायको म्हणाली. "त्याच्या घरी कोण कोण असेल?"

दुसऱ्याला त्यांनी खालच्या अंगाने पाठवलं. तिथे नदीला उतार होता, घोड्याच्या पोटाएवढं पाणी. पण शत्रूचं घोडदळ नेमकं तिथेच उभं होतं. दुसरा स्वार शूर होता, असं नंतर खेळाने एका ओळीत कळवलं.

आता एकच उरला. त्याच्या चिठ्ठीत फोरमननी शेवटी आणखी एक ओळ घातली, "हा तिसरा स्वार. आधीचे दोन वाटेत मेले." मग त्यांनी आपल्या उरलेल्या फौजेकडे पाहिलं. सेनापतीच्या रक्षणाला राखून ठेवलेलं घोडदळ तेवढं धड होतं. ते हलवलं तर सेनापती उघड्यावर पडणार, लढाई तिथेच संपणार. लढाईच्या कुठल्याही शास्त्रात ही चाल बसत नव्हती. फोरमननी त्या घोडदळाला हुकूम दिला, उताराकडे दौडत जा आणि शत्रूला गुंतवून ठेवा. या वेळी त्यांनी हुकूम पूर्ण वाक्यात दिला, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं घालून.

घोडदळ दौडत गेलं. उतारावर धूळ उठली, धूर उठला. दोघे नवराबायको पडद्याला नाक लावून बसले. फोरमनना तिथे नुसते ठिपके दिसत होते. मारणारे ठिपके कोणते आणि मरणारे कोणते, काही कळत नव्हतं. त्यांच्या छातीत धडधडत होतं. कारखान्यात एकदा एका पोराचा हात यंत्रात जाता जाता वाचला होता, तेव्हा धडधडलं होतं तसं.

"गेला," ते म्हणाले. "हाही गेला."

"कुठे गेला? तो बघा." बायकोने काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याने पडद्याचा कोपरा दाखवला. "पलीकडे निघाला. एकटाच आहे. टेकडीकडे चाललाय."

तो खरोखरच चालला होता. टेकडीवर जावयाचं निशाण होतं, ठिपका निशाणापाशी गेला आणि थांबला. मग बराच वेळ काही झालं नाही. शत्रूचं पायदळ फोरमनच्या उंचवट्याला भिडलं. टेकडीवरची फौज ढिम्म हलत नव्हती. मग पडद्यावर एक ओळ आली, "आपले सरदार मैदान सोडून गेले आहेत."

भर लढाईत सरदार पळून गेला म्हणून आनंदाने टाळी वाजवणारा सेनापती इतिहासात दुसरा सापडणार नाही. फोरमननी वाजवली. बायकोनेही वाजवली. आतून लेक ओरडली, "काय चाललंय?"

"काही नाही," बायको म्हणाली. "बाबा हरले."

सेनापती शत्रूच्या हाती जिवंत सापडले. त्यांची तलवार काढून घेण्यात आली, त्यांना सन्मानाने वागवण्यात येईल असं खेळाने कळवलं आणि पुन्हा खेळायचं का, असं विचारलं. फोरमननी संगणक बंद केला आणि दाराकडे तोंड करून बसले. जावयाचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. बायकोने पेपर उघडला. तो उलटा होता. लेक बाहेर येऊन एकदा आईकडे आणि एकदा बापाकडे पाहून गेली.

बेल वाजली. एकदाच.

फोरमन उठायला लागले, तेव्हा बायकोने त्यांचा शर्ट धरून त्यांना खाली बसवलं. "मी बघते" असं तिथून लेकीला ओरडून सांगितलं आणि जागची हलली नाही. शेवटी लेकच हात पुसत आली आणि तिने दार उघडलं.

जावई सकाळच्या कामाच्याच कपड्यांत होता. खिशात पेचकस, हाताला ग्रीसचा डाग. माणूस काही वाळला नव्हता, काही दाढीबिढी वाढलेली नव्हती. पण डोळे मात्र कितीतरी दिवस झोप न मिळालेल्या माणसाचे होते. जिना तो चढून आला असावा, कारण त्याला धाप लागली होती.

"घ्यायला आलोय," तो म्हणाला.

लेक त्याच्याकडे बघत राहिली. एवढे महिने तिने या क्षणासाठी काय काय ठरवून ठेवलं असेल देव जाणे. पण जीभ ती जीभच.

"राहू दे," ती म्हणाली.

फोरमननी डोळे मिटले. बायकोच्या हातातला पेपर खाली पडला. लेकीचं तिलाही कळलं असावं, कारण तिने तोंडावर हात ठेवला; पण शब्द सुटला तो सुटला. जावयाने मान खाली घातली. 'बरं' त्याच्या ओठांपर्यंत आलेलं फोरमनना खुर्चीवरून दिसलं. आता तो वळणार, असं त्यांना वाटलं, आणि या वेळी पाठवायला त्यांच्याजवळ एकही स्वार नव्हता.

जावयाने मान वर केली.

"घ्यायला आलोय," तो पुन्हा म्हणाला. तेच शब्द, तोच आवाज, एक अक्षर जास्त नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एक बटण दोनदा दाबलं होतं, आणि ते चालतं की नाही याची त्याला मुळीच खात्री नव्हती.

लेकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते ओट्याच्या फडक्यानेच पुसलं.

"मग इतके दिवस लागतात यायला?" ती म्हणाली.

जावयाने थोडा विचार केला. त्याला खोटं बोलता येत नसे.

"आधीचे दोन स्वार वाटेत मेले," तो म्हणाला.

लेकीला काही कळलं नाही, पण तिने दार पूर्ण उघडलं. फोरमनचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. बायको उठली, आणि कोणालाही न विचारता तिने चहाचं आधण ठेवलं.